टेबलाची उंची

विविधता आणि समावेशन समितीची पहिली बैठक जेवणाच्या टेबलाभोवती भरली, याचं कारण अगदी साधं होतं. समितीचे सगळे सभासद रविवारी दुपारी तिथे जमतच असत. अस्थिरोग विभागाचे निर्णय दोन पिढ्या याच टेबलावर होत आले होते. महाविद्यालयातल्या सभागृहात ते नंतर नुसते वाचून दाखवले जात.

अधिष्ठात्यांनी विभागप्रमुखांना बोलावून सांगितलं होतं की वैद्यकीय परिषदेला आता केवळ निकाल पुरत नाहीत. विभागात कोण आहे, कोण नाही आणि का नाही, हेही पाहिलं जातं. तिसरं युनिट मंजूर व्हायचं असेल तर समिती हवी, समितीत सर्व प्रकारची माणसं हवीत, आणि काही उपाय केलेले दिसायला हवेत. विभागप्रमुखांचा स्वभाव आज्ञाधारक होता. त्यांनी घरी येऊन माणसं मोजली. बहीण स्त्रियांची प्रतिनिधी, भाचा तरुणांचा, वडील ज्येष्ठांचे. पत्नी भूलतज्ज्ञ, म्हणजे ‘अन्य विभाग’. मुलगा क्ष-किरण विभागात, म्हणजे आणखी एक अन्य विभाग. आपल्या एका घरात इतकी विविधता नांदते आहे हे तोवर त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि त्या जाणिवेने त्यांना किंचित गहिवरूनही आलं.

सून तेवढी समितीत नव्हती. ती असायला हवी यावर सर्वांचं एकमत होतं. पण बैठक रविवारी, आणि रविवारची ड्यूटी तिची. विभागातली ती एकमेव स्त्री. लग्न होऊन आली तेव्हा शस्त्रक्रियेचं शिक्षण दुसऱ्या गावी पुरं करूनच आली होती, त्यामुळे बाईमाणसाला हाडांच्या विभागात घ्यावं की नाही, हा प्रश्न विभागापुढे न येता घरापुढे आला आणि घराने तो लग्नाच्या इतर बोलण्यांबरोबर मिटवून टाकला. रविवारची ड्यूटी तिला पहिल्याच आठवड्यात मिळाली. ती घरचीच आहे, नाही म्हणणार नाही, असं विभागप्रमुख म्हणाले होते. ती खरोखरच नाही म्हणाली नव्हती. त्यानंतर किती रविवार गेले हे कोणी मोजलं नव्हतं. तिची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली असे, आणि तिच्यावर लोक वर्तमानपत्रं ठेवत.

आज वहिनींनी, म्हणजे विभागप्रमुखांच्या पत्नीने, ती वर्तमानपत्रं उचलली, खुर्ची पुसली आणि टेबलाशी ओढून ठेवली. जेवायला परिषदेच्या निरीक्षक बाई येणार होत्या.

वहिनींच्या मनात काल संध्याकाळपासून एक गोष्ट होती. सुनेने ती फक्त त्यांनाच सांगितली होती, तीही भाजी चिरता चिरता, मान वर न करता. नदीपलीकडच्या रुग्णालयाने तिला बोलावलं होतं. तिसरं युनिट उंटाकडे गेलं तर ती जाणार होती. ‘रागाने नाही, आई,’ ती म्हणाली होती. ‘पण मग इथे मी कोणाची वाट बघत थांबू?’ वहिनींचं आयुष्य रुग्णाच्या उशाशी गेलं होतं. उशाशी बसलेल्या माणसाला मधल्या कापडी पडद्यावरून टेबलापलीकडचे सगळे हात दिसतात, आणि वहिनींनी तीन पिढ्यांचे हात पाहिले होते. त्यांतला कुठला हात चांगला, हे त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं. भूल देणाऱ्याला ते कोणी विचारत नाही.

उंट म्हणजे आत्याचा, विभागप्रमुखांच्या बहिणीचा, मुलगा. हे नाव त्याला शाळेत पडलं आणि शिक्षणाबरोबर वाढत गेलं. तो सहज, आनंदी वृत्तीचा तरुण होता. जगातले दरवाजे आपल्यासाठी थोडे बुटके असले तरी उघडे आहेत, अशी त्याची समजूत होती. तिसरं युनिट त्याने कधी मागितलं नव्हतं. ते आपल्याला मिळणार हे त्याला कायमच माहीत होतं, जसं माणसाला आपलं आडनाव माहीत असतं.

आत्याला मात्र त्यामागचा शब्द माहीत होता. शब्द तिला दिलेला होता.

त्या गोष्टीची सुरुवात घरात सगळ्यांना पाठ होती, कारण आत्या ती दर दोन-तीन रविवारी स्वतःच सांगायची आणि स्वतःच हसायची. एके काळी आपल्या वर्गात ती पहिली आली होती आणि तिला हाडांकडे जायचं होतं. वडील विभागाचे संस्थापक. त्यांनी तिला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, टेबलाशी उभं केलं, म्हणाले, ‘हात ठेव.’ टेबल तिच्या छातीला लागलं. हात ठेवले तर कोपरं खांद्याच्या रेषेत गेली, पंख उघडल्यासारखी. ‘कोंबडी दिसत होते मी,’ आत्या सांगायची. ‘बाबा म्हणाले, पोरी, तुझ्याने होणार नाही. नाहीच झालं. मग मी बाळंतपणं केली. तिथे बरं असतं, बाळ खालूनच येतं.’ सगळे हसत. ती पुढे नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ झाली. निम्मं शहर तिच्या हातावर जन्मलं होतं. विभाग भावाकडे गेला आणि भावाने एकांतात तिचा हात धरून सांगितलं, ‘तुझ्या मुलाला देईन.’ हा शेवटचा भाग ती गोष्टीत सांगत नसे.

टेबलाच्या उंचीचं विभागात एक शास्त्रच झालं होतं. थिएटरच्या पांढऱ्या फरशांमधून एक निळी पट्टी जाई, आणि टेबलाचा माथा त्या पट्टीला लावायचा, ही रीत. लोक तिला ‘थोरल्यांची पट्टी’ म्हणत. थोरले, म्हणजे विभागप्रमुखांचे वडील, उंचपुरे, आणि ती त्यांच्या कोपराची उंची, असं प्रत्येक नव्या डॉक्टरला पहिल्या दिवशी सांगितलं जाई. टेबलं बदलली, चाकाची जाऊन विजेची आली, बटण दाबलं की वर-खाली होणारी. रोज सकाळी बटण दाबून ती निळ्या पट्टीला लावली जात. ज्याला ती उंची झेपते तो हाडांचा माणूस. ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी कान, नाक, डोळे आणि इतर पुष्कळ अवयव देवाने निर्माण केलेले होतेच.

उंची न झेपणाऱ्यांमध्ये आणखी एक माणूस होता. तो म्हणजे विभागप्रमुख. वडिलांपेक्षा ते बरेच ठेंगणे निपजले होते, आणि तरुणपणी एका चांभाराकडून त्यांनी थिएटरच्या सपातांना जाड तळवे लावून घेतले. जोडी झिजली की नवी येई, तळवे तेवढेच. हे वहिनींशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. त्या सपातांवर तासन् तास उभं राहून त्यांच्या पोटऱ्या दगडासारख्या होत आणि रात्री त्या दाबून देताना वहिनी काही बोलत नसत. नवऱ्याचं दुःख चार बोटांचं आहे, आणि ते चार बोटांचं आहे म्हणूनच बोलता येत नाही, हे त्यांना कळत होतं.

निरीक्षक बाई वेळेवर आल्या. बुटक्या, गोल बांध्याच्या, पांढऱ्या केसांच्या, एके काळच्या शस्त्रक्रिया-प्राध्यापक. त्यांनी सगळ्यांची ओळख करून घेतली आणि ओळख जसजशी पुढे सरकली तसतसा त्यांच्या चेहऱ्यावर एक विनम्र गोंधळ पसरत गेला. समितीला कधी भेटता येईल, असं त्यांनी विचारलं. भेटलात की, विभागप्रमुख म्हणाले. बाईंनी पुन्हा एकदा टेबलाभोवती नजर फिरवली, रुमाल मांडीवर पसरला आणि भात वाढून घेतला.

जेवताना विभागप्रमुखांनी उपाय सांगितले. त्यांचं बोलणं नेटकं होतं. त्यांनी रात्री आरशासमोर त्याचा सराव केला होता. या क्षेत्रात ठेंगण्या व्यक्तींना, ज्यांत अर्थातच बहुसंख्य भगिनी येतात, अडचण होते, हे विभागाने ओळखलं होतं. म्हणून विभागाने पायऱ्या करून घेतल्या होत्या. उत्तम लाकडाच्या, गोलाई दिलेल्या कडांच्या, वर रबर, चार वेगवेगळ्या उंचींच्या. प्रत्येक उमेदवाराला त्याच्या मापाची पायरी दिली जाईल. एक नमुना त्यांनी घरीही आणला होता. तो उंटाने उचलून टेबलाजवळ ठेवला, आणि सगळ्यांनी घास थांबवून त्याच्याकडे पाहिलं. पायरी खरोखर देखणी होती. मुलाने, जो कशावरही मत देण्याआधी उजेडासमोर धरून पाहायचा, ती उलटी करून पाहिली आणि सांधे छान जुळलेत असं सांगितलं.

‘सुंदर आहे,’ निरीक्षक बाई म्हणाल्या. ‘एक विचारू? टेबल खाली का घेत नाही?’

चमचे थांबले. प्रश्न उद्धट नव्हता. तो इतका जवळचा होता की आजवर त्याच्याकडे कोणाची नजर गेली नव्हती. विभागप्रमुखांनी परंपरेविषयी सांगायला सुरुवात केली. निळ्या पट्टीविषयी सांगितलं. मांडीच्या हाडात खिळा बसवायचा तर बळ खांद्यातून उतरावं लागतं आणि ते एका ठरावीक उंचीवरच उतरतं, असं थोरल्यांनी घालून दिलेलं आहे, असंही सांगितलं. बोलता बोलता त्यांनी आदराने वडिलांकडे पाहिलं.

थोरले टेबलाच्या टोकाशी बसून केळं सोलत होते. कानाचं यंत्र ते फक्त परक्या माणसांसाठी लावत, आणि आज परकं माणूस आलेलं होतं.

‘मी काय घालून दिलं?’ त्यांनी विचारलं.

‘टेबलाची उंची, बाबा.’

‘ती होय.’ थोरल्यांनी सालीचा एक धागा काळजीपूर्वक वेगळा केला. ‘चक्र गंजलं होतं.’

थोरल्यांना वाटलं ऐकू गेलं नसावं, म्हणून ते जरा मोठ्याने सांगू लागले. पहिलं टेबल जुन्या रुग्णालयातून उचलून आणलेलं होतं. खाली एक चक्र होतं, ते फिरवलं की टेबल वर-खाली व्हायचं. ते वर असताना गंजलं ते गंजलंच. तेल घालायला माणूस येणार होता, तो आला नाही. मग भिंतीला फरशा लावायची वेळ आली तेव्हा गवंड्याला टेबलाचा माथा सरळ दिसला, त्याने त्या रेषेत निळ्या फरशा ओढल्या. दिसायला बरं दिसत होतं.

‘पण तुमच्या कोपराची उंची...’ विभागप्रमुख म्हणाले.

‘छे. मला ते चांगलं चार बोटं उंच पडायचं. निवृत्त होईस्तोवर खांदे भरून यायचे. तुझी आई शेक द्यायची, आठवतं?’

‘मग नवं टेबल आलं तेव्हा?’

‘तोवर तुम्ही सगळे पट्टी-पट्टी करत होतात. मला वाटलं, तुम्हाला तेच सोयीचं पडतंय.’ थोरल्यांनी केळ्याचा घास घेतला. ‘तरुण माणसांच्या सोयीत आपण कशाला पडा.’

उंटाला हसू आलं आणि ते त्याने पाणी पिऊन आत ढकललं. विभागप्रमुखांनी नकळत टेबलाखाली एक पाय दुसऱ्या पायामागे लपवला, जणू घरातल्या पातळ चपलांनाही आता जाड तळवे फुटतील. वहिनींनी ते पाहिलं. पण त्यांचं खरं लक्ष नणंदेकडे होतं.

आत्याने चमचा खाली ठेवला होता. ताटात नव्हे, ताटाच्या बाजूला, कापडावर, जिथे त्याचा डाग पडत होता. ती हसली नाही. तिच्या गोष्टीचा शेवट कोणीतरी तिच्याच घरात, तिच्याच देखत बदलला होता, आणि नव्या शेवटाला कुठे हसायचं हे तिला माहीत नव्हतं.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘मला टेबलाशी उभं केलंत, तेव्हाही ते गंजलेलंच होतं?’

‘तेव्हाही होतंच की.’

‘तुम्हाला माहीत होतं?’

थोरल्यांनी मुलीकडे पाहिलं. ते कठोर गृहस्थ कधीच नव्हते. फक्त अडलेल्या वस्तूंशी ते लवकर जुळवून घेत. ‘टेबल खाली येत नव्हतं,’ ते सावकाश म्हणाले, ‘आणि तू वर येत नव्हतीस. तुझ्याने होणार नाही असं मी म्हटलं, ते खोटं नव्हतं, पोरी. त्या टेबलावर माझ्यानेसुद्धा नीट होत नव्हतं.’

आत्याच्या मनात त्या क्षणी राग आला नाही. आली ती एक विचित्र, हलकी उचकी. एका चक्राला घालायचं पळीभर तेल. कुठेतरी एक माणूस त्या दिवशी तेलाची बाटली घेऊन निघाला असेल, वाटेत त्याला कोणी भेटलं असेल, किंवा नुसताच कंटाळा आला असेल. तिच्या हातावर जन्मलेली ती सगळी बाळं, ती सगळी शहरभर मोठी झालेली माणसं, त्या कंटाळ्यातून निघाली होती. त्यांचं तिला वाईट वाटत नव्हतं. पण ती माणसं काही तिने मागितली नव्हती.

निरीक्षक बाई पाणी प्यायल्या आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहत त्यांनी विचारलं की विभागात एक महिला शस्त्रवैद्य आहेत असं ऐकलं होतं, त्या कुठे आहेत. थिएटरमध्ये, वहिनी म्हणाल्या. आजचाच रविवार की नेहमीच, असं बाईंनी विचारलं. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. ‘नेहमीच,’ त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी समितीसमोर नोंदवलेलं हे पहिलं मत होतं.

बाईंना तिथेच भेटायचं होतं. रुग्णालय दोन गल्ल्या टाकून होतं. सगळेच उठले. थोरले राहिले, आणि ती देखणी पायरी त्यांनी आपल्या आरामखुर्चीपुढे सरकवून घेऊन तिच्यावर पाय ठेवले. पोटऱ्यांना फार बरं वाटतं, असं त्यांनी रिकाम्या खोलीला सांगितलं.

वाटेत विभागप्रमुख बहिणीच्या बाजूने चालत होते. झाडांच्या सावल्या फुटपाथवर पडल्या होत्या आणि ते त्या ओलांडताना उगाचच पाऊल जपून टाकत होते. आज युनिटचं जाहीर करावं लागेल, त्यांनी हळू आवाजात सांगितलं. निरीक्षक बाईंसमोर केलं तर बरं दिसेल. सुनेचं नाव सांगणं शोभून दिसलं असतं हे त्यांना कळत होतं. विविधतेला इतका सोयीचा उमेदवार दुसरा नव्हता. पण शब्द तो शब्द.

‘युनिट तिला दे,’ आत्या म्हणाली.

विभागप्रमुख थांबले. ‘आणि तुला दिलेला शब्द?’

‘मला दिला होतास ना? मग मी सोडते.’

‘उंट काय म्हणेल?’

आत्याने मागे वळून पाहिलं. उंट मामेभावाबरोबर मागून येत होता आणि एका खालच्या फांदीला वाकून वाट देत होता. ‘तो वाकायला शिकेल,’ ती म्हणाली. ‘उंच माणसाला ते सोपं असतं, दादा. कोणी त्याला कधी सांगितलं नाही एवढंच.’ मग थोडं चालून गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, ‘आणि बाईंना दाखवायला म्हणून देऊ नकोस. तिचा हात चांगला आहे म्हणून दे. वहिनीला विचार.’

विभागप्रमुखांनी वळून पत्नीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं कुतूहल होतं, शेजारच्या घरात इतकी वर्षं विहीर होती हे आजच कळलेल्या माणसासारखं.

‘मी काय सांगू,’ वहिनी म्हणाल्या. ‘तिच्या रुग्णांना मला रक्त कमी चढवावं लागतं.’

थिएटरच्या दाराला वाटोळी काच होती. तिच्यातून समिती आळीपाळीने आत पाहू लागली.

सून रविवारी टेबल खाली घ्यायची. तिने त्याला बंड वगैरे मानलं नव्हतं. पहिल्या रविवारी, आसपास घरचं कोणी नाही असं पाहून, तिने बटण दाबलं होतं आणि टेबल इतक्या सहज, इतक्या आज्ञाधारकपणे खाली आलं की तिला रडू फुटलं होतं. त्यानंतर दर रविवारी ते खाली येई. जोडीचे निवासी डॉक्टर वाकत, किंवा पाय फाकवून उभे राहत, आणि त्यात काही विशेष आहे असं त्यांना वाटेनासं झालं होतं. सगळं आटोपलं की ती टेबल पुन्हा निळ्या पट्टीला नेऊन लावायची, एखाद्याच्या घरी पाहुणं म्हणून गेल्यावर निघताना उशी जागच्या जागी ठेवावी तशी. सोमवारी सकाळी विभाग आपल्या उंचीवर परत आलेला असे.

आज टेबलावर एक म्हातारा संगीतशिक्षक होता, खुब्याचं हाड मोडलेला. तिची कोपरं अंगालगत होती आणि हात बेताने, न घाई करता चालत होते. शेवटचा स्क्रू बसला तेव्हा तिने पडद्यावरची प्रतिमा पाहिली, मान हलवली, आणि मग दारातल्या काचेत आपले सासरे दिसले. त्यांच्या जागी पुढच्या क्षणी एक अनोळखी पांढऱ्या केसांची बाई होती, मग उंटाची हनुवटी, मग आत्या. आत्या हलली नाही. तिची नजर टेबलावर होती, आणि टेबल निळ्या पट्टीच्या किती तरी खाली होतं.

सापडलो, असं सुनेला वाटलं. मग वाटलं, नदीपलीकडे जायला हे एक आणखी कारण झालं.

ती हात धुऊन बाहेर आली तेव्हा विभागप्रमुखांनी घसा साफ केला. तिसरं युनिट तिच्याकडे देत आहोत, असं त्यांनी जाहीर केलं. आवाज गंभीर होता आणि खरा होता, आणि क्षणभर ते मोठे दिसले. पण त्यांना कोणतीही गोष्ट पूर्ण केल्याशिवाय राहवत नसे, म्हणून ते पुढे म्हणाले की नव्या युनिटला ड्यूटीचा दिवस हवा, आणि रविवार तिच्या अंगवळणी पडलेलाच आहे, तेव्हा तो कायम तिच्या युनिटचाच राहील. निरीक्षक बाई बुटांचे बंद बांधायला बाकाजवळच्या नव्या कोऱ्या पायरीवर बसल्या होत्या. त्या बंद बांधायच्या थांबल्या.

सुनेने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. जेवून आलेली माणसं होती ती. त्यांच्या अंगाला अजून घरच्या भाताची ऊब होती.

‘युनिट घेते, बाबा,’ ती म्हणाली. ‘रविवार नको. रविवारी मला घरी जेवायचंय. तुम्ही जे काही ठरवता ते तिथेच ठरतं.’

रविवार कोण करणार, हा प्रश्न मधल्या जागेत लोंबकळत राहिला. उंटाने आपल्या आईकडे पाहिलं. तिची नजर त्याच्यावर नव्हती, आणि हे त्याच्या आयुष्यात क्वचितच घडलं होतं. मघाशी वाटेत आपल्या पुढे काय ठरलं ते त्याला आत्ता उमगलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं, उन्हाचा कवडसा सरकावा तसं, आणि तो एकदम वयाने मोठा दिसला. ‘मी करतो,’ तो म्हणाला. ‘आळीपाळीने. मामा, तुम्हीपण.’ मग सुनेला म्हणाला, ‘वहिनी, तुमच्या खुर्चीवर मी वर्तमानपत्रं ठेवायचो. आता कुठे ठेवू?’

‘वाच,’ सून म्हणाली.

निरीक्षक बाई एवढ्याने हसल्या, आणि त्यानिमित्ताने सगळ्यांनाच हसता आलं. पायऱ्यांचं काय, असं विभागप्रमुखांनी त्यांना काळजीने विचारलं. बसायला उत्तम आहेत, बाई म्हणाल्या.

माणसं पांगली. रुग्णाला बाहेर नेलं, फरशी पुसली गेली, मोठा दिवा बंद झाला. सून टेबल वर करायला परत आत आली तर तिथे आत्या उभी होती. पायांत थिएटरच्या सपाता, केसांवर कापडी टोपी, दोन्ही बाबतीत नियमाला धरून. टेबलाशी ती त्याच बाजूला उभी होती जिथे शस्त्रक्रिया करणारा उभा राहतो. तिचे हात अजून खालीच होते.

सुनेने भिंतीवरच्या खुंटीवरून टेबलाच्या बटणांची पेटी काढली, आत्याच्या खांद्याकडे, कोपराकडे नजर टाकली, आणि टेबल आणखी थोडं खाली घेतलं. यंत्राचा बारीक, घुमणारा आवाज आला.

‘अजून?’

‘किंचित.’

टेबल किंचित खाली आलं. आत्याने हात ठेवले. कोपरं अंगालगत आली, खांदे सैल पडले. तिची बोटं रिकाम्या गादीवर एका नसलेल्या हाडाच्या कडेने फिरली आणि एका जागी थांबली. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, ‘बास.’

सुनेचा अंगठा सवयीने वरच्या बटणाकडे गेला. आत्याने तिचं मनगट धरलं, अगदी हलकेच, नाडी पाहावी तसं.

‘राहू दे,’ ती म्हणाली.

सोमवारी सकाळी पहिली शस्त्रक्रिया विभागप्रमुखांची होती. ते आत आले, हात वर धरून, आणि टेबलापाशी पोचल्यावर त्यांचे हात हवेतच राहिले. टेबल कुठेतरी त्यांच्या पोटापाशी होतं. निळी पट्टी भिंतीवर एकटीच गेली होती. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. नव्या डॉक्टरांना वाटलं, आता बटण दाबायला सांगतील. ते मागे वळले आणि बाहेर गेले.

परत आले तेव्हा ते बुटके झाले होते. पायांत रुग्णालयाच्या साध्या, पातळ सपाता होत्या, नव्या शिकाऊ डॉक्टरांना देतात तशा. त्यांनी हात ठेवले. टेबल अजून थोडं खालीच पडत होतं, म्हणून त्यांनी ते दोन बोटं वर घ्यायला सांगितलं. मग कोपरं अंगाला लागली आणि त्यांनी एक श्वास सोडला, जो त्यांनी बहुधा तरुणपणी कधीतरी घेतला होता.

‘टेबल कोणी हलवलं?’ त्यांनी पडद्यापलीकडे बसलेल्या पत्नीला हळूच विचारलं.

वहिनी रुग्णाच्या नाडीकडे पाहत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

‘कोणी नाही,’ त्या म्हणाल्या. ‘गंज निघाला असेल.’